वऱ्हाडचा खारा किनारा

वऱ्हाडास समुद्र नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांतलें हें एक साधें विधान आहे. परंतु अमरावतीस तीस वर्षें संस्कृत शिकवीत असतां त्याची अडचण आम्हांस पुनःपुन्हां जाणवत असे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गाच्या आरंभीं पुष्पक विमानांतून परतणारा राम सीतेस समुद्र दाखवितो. सुटीच्या दिवसांत घरीं चालविलेल्या वर्गांत हा भाग समजावून सांगूं लागलों, म्हणजे पंधरा-वीस मुलांपैकीं समुद्र पाहिलेलीं दोन-चारहि निघत नसत. मग आम्ही त्यांना पावसाळ्यांत दुथडी भरलेली पूर्णा आठवावयास सांगूं, ज्येष्ठांतल्या कोरड्या रानावर दुपारीं दिसणारें मृगजळ आठवावयास सांगूं. मुलें मान डोलवीत; पण क्षितिजापर्यंत पाणीच पाणी आहे आणि त्यांतला एक घोट पितां येत नाहीं, ही गोष्ट काळ्या मातींत वाढलेल्या मुलाच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें.

आम्ही चौघे मित्र अकोल्याच्या एका शाळेंत एकाच बांकावर बसून मॅट्रिक झालों. पुढें एक वकील झाले व अकोल्यासच राहिले. दुसरे शेतकी खात्यांत शिरले आणि माती तपासण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. तिसरे टपाल खात्यांत चढत चढत पोस्टमास्तर होऊन अमरावतीस निवृत्त झाले. आणि आम्ही शाळामास्तर. मॅट्रिकच्या वर्षीं अभ्यासाच्या नांवाखालीं जागविलेल्या एका रात्रीं आम्हीं ठरविलें होतें कीं, परीक्षा संपली म्हणजे चौघांनीं मिळून समुद्र पाहावयाचा. परीक्षा संपली, नोकऱ्या लागल्या, लग्नें झालीं. समुद्र सर्वांनीं पाहिला, पण प्रत्येकानें आपापला पाहिला. वकीलसाहेब कोर्टाच्या कामास मुंबईस गेले तेव्हां त्यांनीं तो पाहिला, पोस्टमास्तरांनीं आईस रामेश्वरास नेलें तेव्हां, शेतकीवाल्यांनीं कोंकणांतल्या एका परिषदेच्या निमित्तानें, आणि आम्हीं गणपतिपुळ्यास सहकुटुंब. चौघांनीं मिळून पाहावयाचा समुद्र तेवढा राहून गेला. निवृत्तीनंतर त्याची आठवण झाली, व सन २०२३ च्या डिसेंबरांत हरिहरेश्वरास जाऊन दोन दिवस स्वस्थ राहावें असें आम्हीं योजिलें.

या बेतास वकीलसाहेबांचा नकार आला. त्याचें खरें कारण आम्हांस ठाऊक होतें. दीड वर्षापूर्वीं त्यांच्या पत्नीचें निधन झालें. कन्या बंगलोरास, चिरंजीव कॅनडांत, दोघेंहि मायाळू. रोज सकाळ-सायंकाळ त्यांचे फोन येत. दोन्ही वेळां बाहेरून डबा येई, औषधें घरपोंच येत, वर्तमानपत्रें तीन येत, शेजारीपाजारी येऊन विचारपूस करून जात. येणें सर्व होतें. वकीलसाहेबांचें जाणें मात्र कोठेंच उरलें नव्हतें. कोर्ट सुटलें, सायंकाळचें फिरणें सुटलें, वाचनालय सुटलें. शाळेंत असतां ज्यांच्या विनोदानें वर्ग लोटपोट होई, त्यांचें बोलणें कडवट होत चाललें होतें. आणि त्यांच्या घरून परततांना आपण कां गेलों, असें मनांत येऊं लागलें होतें. अशी भावना मनांत शिरली म्हणजे जुनी मैत्री किती दिवस टिकावयाची? पोस्टमास्तरांस व आम्हांस ही धास्ती वाटत होती, पण ती एकमेकांस बोलून दाखविण्याचा धीर होत नव्हता.

"रात्रभर गाडींत अंग आंबवायचें आणि शेवटीं पाहायचें काय? खारें पाणी!" वकीलसाहेब फोनवर म्हणाले. "तें माझ्या शेतांतल्या विहिरींत पाहिजे तितकें आहे."

हें ऐकून शेतकीवाले उसळून म्हणाले, "खारेंच पाणी पाहायचें तर लोणारास जाऊं. रात्रीची गाडी नको, कांहीं नको. सकाळीं निघालों कीं दुपारीं किनाऱ्यावर. वऱ्हाडचा समुद्र तोच." या युक्तिवादास वकिलाजवळहि उत्तर नव्हतें.

शुक्रवारीं सायंकाळीं पोस्टमास्तर व आम्ही अमरावतीहून मुंबईच्या गाडींत बसलों. ही गाडी बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करीत रात्रभर धांवते व सकाळीं मुंबईस पोहोंचते. डब्यांतले बहुतेक उतारू समुद्राकडे निघालेले, अंथरुणें पसरून निजण्याच्या तयारीस लागलेले. आम्ही दोघे मात्र पिशव्या मांडीवर घेऊन बसलों होतों. मूर्तिजापूर आलें तेव्हां पोस्टमास्तरांस 'शकुंतले'ची आठवण झाली. एका बाजूस अचलपूर व दुसऱ्या बाजूस यवतमाळ अशी धांवणारी ती अरुंद मापाची गाडी आतां बंद आहे. परंतु सन १९९४ पर्यंत ती वाफेच्या एंजिनावर चाले, आणि तिच्यांतून उतरलेल्या टपालाच्या थैल्यांना कोळशाचा वास येई, असें ते सांगत होते. बोलतां बोलतां अकोला आलें.

त्या दिवशीं मोक्षदा एकादशी होती. त्यामुळें वकीलसाहेबांच्या घरीं जेवणाचा प्रश्न उद्भवला नाहीं. आमच्या पिशवींतलीं मोर्शीकडचीं संत्रीं व राजगिऱ्याचे लाडू यांवर भागलें. त्या घरांत दीड वर्ष चूल पेटली नव्हती, ही गोष्ट एकादशीनें झांकली.

शेतकीवालेहि येऊन मिळाले व अंगणांत गप्पा सुरू झाल्या. विषय अर्थातच पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यांत, अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून, सुमारें ४.७ लाख हेक्टर जमिनीच्या पोटांतलें पाणी खारें आहे. यालाच आपल्याकडे खारपाण पट्टा म्हणतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगांव या बाजूंस हा पट्टा पसरला आहे. दर्यापुराच्या नांवांत दर्या आहे खरा. परंतु तो समुद्र नसून अचलपूरच्या इमादशाहींतला दर्या इमादशाह होय, असें सांगतात. सातपुड्यांतून येणाऱ्या नद्यांनीं हजारों वर्षें आणून टाकलेला गाळ येथें फार खोल आहे. माती चिकण, उतार थोडा, म्हणून पाण्याचा निचरा होत नाहीं. ऊन पाणी शोषून घेतें आणि क्षार मागें राहतात. विहिरीच्या पाण्यावर बागाईत करावी तर थोड्याच वर्षांत जमीन बिघडते. म्हणून कापूस, तूर, ज्वारी, हरभरा हीं मुख्यतः पावसावरचींच पिकें. पूर्वी या भागांत खाऱ्या विहिरींचें पाणी आटवून मीठ काढीत. आतां पिण्यासाठीं पुष्कळ गांवांना सातपुड्यांतल्या वान नदीवरील धरणाचें पाणी नळानें येतें, व शेतकरी पावसाचें गोडें पाणी शेततळ्यांत धरून ठेवूं लागले आहेत.

"थोडक्यांत," शेतकीवाले म्हणाले, "मातींत वाईट कांहीं नाहीं. निचरा नाहीं, एवढाच रोग."

शनिवारीं उजाडण्यापूर्वींच भाड्याच्या मोटारीनें निघालों. नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तो मेहकराजवळून जातो व अमरावतीकडून जाणारांस सोयीचा आहे. पण आम्हांस घाई नव्हती. आम्हीं पातूर, मेडशी, वाशीम जिल्ह्यांतलें मालेगांव व मेहकर असा जुना रस्ता धरला. कापसाची वेंचणी चालू होती. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. रस्त्याच्या दोहों अंगांस हरभऱ्याचे हिरवे पट्टे धुक्यांतून हळूहळू वर येत होते.

पातूर सोडलें कीं घाट लागतो. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडाचे दोन भाग सांगितलेले आहेत : घाटाखालचा तो पायनघाट, आणि घाटावरचा तो बालाघाट. अकोल्यास व अमरावतीस राहणारीं आम्ही सारीं पायनघाटचीं माणसें. घाट चढून गेल्यावर एका निंबाखालीं मोटार थांबविली व दशम्या आणि शेंगदाण्यांची चटणी सोडली. त्या जागेचें महत्त्व शेतकीवाल्यांनीं समजावून दिलें. घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस मोर्णेंत जातो. मोर्णा अकोल्यावरून वाहत पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रास. घाटाच्या पलीकडचा पाऊस पैनगंगेकडे वळतो. पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस, आणि गोदावरी पूर्वसमुद्रास. वऱ्हाडास समुद्र नाहीं, पण वऱ्हाडाचें पाणी दोन समुद्रांस जातें!

पोस्टमास्तर खुलले. "म्हणजे टपाल निवडण्याची जागा ही. हा थेंब पश्चिमेच्या थैलींत, तो पूर्वेच्या थैलींत."

"आणि ज्या थेंबावर पत्ताच नसेल तो?" वकीलसाहेबांनीं विचारलें. सकाळपासून त्यांनीं आपण होऊन उच्चारलेलें हें पहिलें वाक्य.

"पत्ता नसलेलीं पत्रें पूर्वी डेड लेटर ऑफिसांत जात. तेथें गेलेलें पत्र क्वचितच बाहेर पडे."

मेहकरास पैनगंगेच्या कांठच्या गांवांत शारंगधर बालाजीचें दर्शन घेतलें. काळ्या पाषाणाची ही विष्णूची मूर्ति सन १८८८ मध्यें जमिनींत सांपडली. सुमारें अकरा फूट उंचीची ती मूर्ति जवळून पाहतां, इतक्या मोठ्या शिळेंत इतकें नाजूक काम कसें उतरलें असेल, याचेंच आश्चर्य वाटत राहतें. तेथून लोणार फार दूर नाहीं.

लोणारचें तळें दुरून दिसत नाहीं, ही त्याची पहिली गंमत. सपाट माळ, कांहीं शेतें, गांवाचीं घरें, आणि पायांपुढची जमीन एकदम सुटते. खालीं दीडशें मीटरांच्या सुमारास खोल, कंपासानें आंखावें तसें वर्तुळ. कांठांपासून कांठांपर्यंत सुमारें १.८ किलोमीटर. उतारावर दाट झाडी, झाडीच्या आंत बाभळींचें कडें, त्याच्या आंत क्षारांची पांढुरकी कड, व मधोमध हिरवट करडें, निश्चल पाणी. समुद्राची गर्जना नाहीं, लाटा नाहींत. तरी चौघेहि कांहीं वेळ बोललों नाहीं.

या विवराची उत्पत्ति पुष्कळ दिवस वादाचा विषय होती. सन १८२३ मध्यें जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची माहिती नोंदविली. पुढें बराच काळ तें ज्वालामुखीचें तोंड असावें असें समजत. सन १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें आकाशांतून आलेल्या उल्केच्या आघातानें झालें, हें मत दृढ केलें. अशा आघातानें दगडांतल्या स्फटिकांचें कांचेंत रूपांतर होतें, आणि तशी कांच येथें सांपडली. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पडलेलें हें विवर चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारांस फार उपयोगी पडतें. त्याचें वय एका मोजणीनें सुमारें ५२ हजार वर्षें ठरतें, तर सन २०१० च्या सुमारास झालेल्या दुसऱ्या मोजणीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार. सन २००० मध्यें येथें अभयारण्य झालें, व नोव्हेंबर २०२० मध्यें रामसर करारान्वयें जगांतल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत या सरोवराची गणना झाली. त्याच वर्षीं जून महिन्यांत तळ्याचें पाणी गुलाबी झालें होतें, हें वाचकांस आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं, क्षार वाढल्यामुळें मिठांत जगणारे सूक्ष्म जीव माजले व त्यांच्या रंगानें पाणी रंगलें.

दुपारीं गांवांतलें दैत्यसूदनाचें देऊळ पाहिलें. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पें एकेक थांबून पाहावीं अशीं आहेत. विष्णूनें लवणासुर मारला. तळें त्याची गुहा, पाणी त्याचें रक्त व क्षार त्याचें मांस, अशी येथली कथा. पोस्टमास्तरांनीं आमची परीक्षा घेतली : "रघुवंशांत शत्रुघ्न मारतो तो लवण हाच काय?" आम्हीं सांगितलें कीं तो मधूचा पुत्र, यमुनातीरचा, त्याची कथा पंधराव्या सर्गांत आहे. येथला लवण निराळा. यावर वकीलसाहेब म्हणाले, "एकाच नांवाचे दोन इसम असले कीं समन्स नेहमीं भलत्यावर बजावलें जातें." आम्ही तिघे हंसलों, आणि क्षणभरानें तेहि हंसले.

रात्रीं सरोवराच्या वरच्या कडेजवळील विश्रामगृहाच्या अंगणांत शाली पांघरून बसलों. द्वादशीचें चांदणें होतें. खालचें पाणी कांशाच्या थाळीसारखें दिसत होतें. शाळेंतल्या गोष्टी निघाल्या, गेलेल्या मास्तरांच्या नकला झाल्या. बऱ्याच वेळानें वकीलसाहेब हळूच म्हणाले, "तिला हें पाहायचें होतें. अकोल्यापासून तीन तासांवर. चाळीस वर्षें मी पुढची तारीख देत गेलों." कोणी कांहीं बोललें नाहीं. शेतकीवाल्यांनीं थर्मासमधला चहा पेल्यांत ओतून त्यांच्यापुढें सरकविला. आपल्या वयाच्या माणसांचें सांत्वन शब्दांनीं करावयास गेलें तर तें उपदेशासारखें वाटतें; जवळ बसून राहणें हेंच बरें.

रविवारीं सकाळीं प्रथम धारेवर गेलों. कड्याच्या कांठीं देवळांच्या ओवऱ्यांमध्यें गोमुखांतून बारा महिने गोड पाण्याची धार पडते. लोक स्नानें करीत होते. आम्हीं ओंजळभर पाणी प्यालों व बाटल्या भरून घेतल्या. तेथून दगडी पायऱ्या, मग पायवाट. गुडघ्यांचें वय लक्षांत घेऊन काठ्या आणल्या होत्या. साग, सीताफळ, बाभूळ यांच्या सावलींतून उतरतांना वानरें व मोर दिसले. मध्येंच पडझड झालेलीं देवळें लागत. कांठच्या कमळजा देवीचें दर्शन झालें. जवळच सासू-सुनेची विहीर म्हणून एक विहीर दाखवितात. तिच्या एका बाजूचें पाणी गोडें व दुसऱ्या बाजूचें खारें असें सांगतात. कोणती बाजू सासूची, हें विचारण्याचें धाडस आम्हीं केलें नाहीं.

आणि मग किनारा. समुद्राच्या वाळूऐवजीं काळा, मऊ चिखल. त्यावर क्षारांचा पांढरा पापुद्रा. कडेस साबणाचा असतो तसा फेंस. आणि कुजक्या अंड्यासारखा दर्प. पाणी बोटांस बुळबुळीत लागतें. शेतकीवाल्यांनीं खिशांतून सामू मोजण्याची कागदी पट्टी काढून बुडविली. सामू दहाच्या आसपास निघाला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें यांत नुसतें मीठ नव्हे, तर धुण्याचा सोडाहि भरपूर आहे. अबुल् फजलनें आईन-ई-अकबरींत या तळ्याचा उल्लेख करतांना कांच व साबण करण्याच्या जिनसा येथें मिळतात असें नमूद केलें आहे. दगडांवर बसून आम्हीं संत्रीं सोललीं व सालें पिशवींत भरलीं. समोर बदकें निवांत पोहत होतीं.

वकीलसाहेब बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग त्यांनीं साक्षीदारास विचारावें तसें विचारलें, "वरची ती धार रात्रंदिवस वाहते ना?"

"वाहते."

"तिचें पाणी गोड?"

"आतांच प्यालास कीं."

"पावसाचें पाणीहि येथेंच येतें. मग इतकें पाणी जातें कोठें?"

"कोठेंच नाहीं," शेतकीवाले म्हणाले. "बाहेर पडायला वाटच नाहीं. काल घाटावर पाहिलेंस, तें पाणी कोणत्या तरी समुद्रास लागतें. हें अरबी समुद्रासहि नाहीं आणि पूर्वसमुद्रासहि नाहीं. पाणी उन्हानें उडतें, क्षार राहतात. हजारों वर्षें हेंच चाललें आहे."

"म्हणजे येणारें सगळें गोडच."

"सगळें गोड."

वकीलसाहेबांनीं हातांतली बाटली उघडली, धारेचें पाणी दोन घोट प्याले, व ती आमच्या हातीं दिली. त्या विषयावर ते पुढें एक अक्षर बोलले नाहींत. आम्हीहि त्यांना कांहीं सुचविलें नाहीं. चढतांना मात्र ते सर्वांच्या पुढें होते, आणि दोन वळणांवर थांबून त्यांनीं पोस्टमास्तरांस हात दिला.

सायंकाळीं अकोल्यास परतलों. अमरावतीची गाडी पहांटेची, म्हणून रात्रीचा मुक्काम वकीलसाहेबांकडेच होता. डबेवाल्यास रविवारचा निरोप दिलेला नव्हता, डबा दारांत लटकत होता, आणि तो एका माणसाचा. बाहेर जाऊन जेवून यावें असा विचार आम्ही बोलून दाखवितों तों वकीलसाहेब स्वयंपाकघरांत शिरले. डबे उघडण्याचे व झांकण्याचे आवाज आले. कांहीं वेळानें विचारणा झाली, "खिचडीला चौघांना तांदूळ किती?" पोस्टमास्तर उठून आंत गेले. पत्नीच्या हातच्या मिसळणाच्या डब्यांतली हळद व मोहरी दीड वर्ष जशीच्या तशी होती. मुगाच्या डाळीची खिचडी झाली, पापड भाजले, डब्यांतली भाजी चौघांत वांटली. खिचडींत मीठ मुळींच नव्हतें. कोणी बोललें नाहीं. शेतकीवाल्यांनीं मिठाची वाटी हळूच पानांच्या मध्यें आणून ठेवली, तेव्हां वकीलसाहेबच म्हणाले, "सकाळीं पुष्कळ पाहिलें, म्हणून हात आंखडला." त्या रात्रीं फार दिवसांनीं त्या घरांत मोठ्यानें हंसणें झालें.

एका सहलीनें माणसाचें दुःख संपतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. वकीलसाहेबांचें घर अजून एकट्याचेंच आहे, व संध्याकाळीं त्यांचा आवाज फोनवर कधीं कधीं जड होतो. परंतु त्यांनीं एका वेळचा डबा बंद केला. दर रविवारीं सकाळीं दोन तास ते ओसरीवर बसतात, आणि सात-बाराचे उतारे, बँकांच्या नोटिसा, वारसाहक्काचे अर्ज घेऊन येणाऱ्या गोरगरिबांना कागद वाचून समजावून देतात. फी घेत नाहींत. वाचनालयाची वर्गणीहि पुन्हां भरली आहे. आमच्या पिढीच्या घरोघरीं आतां असेंच झालें आहे. मुलें दूर आहेत, पण निष्ठुर नाहींत. पैसा, औषध, फोन, खाऊ सारें वेळच्या वेळीं येतें. म्हाताऱ्या माणसास काय मिळतें याची काळजी सर्व जण करतात. त्यानें कोणास काय द्यावें, हें मात्र त्याला विचारावयाचें राहून जातें. पन्नास वर्षें न्यायालयांत, शेतांत, टपालांत किंवा फळ्यापुढें उभें राहून जें ज्ञान सांठलें, त्यास रविवारचे दोन तास तरी वाट करून द्यावी.

ज्या वाचकांस लोणारास जावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार शब्द. मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. अकोल्याहून पातूर-मालेगांव-मेहकर या वाटेनें गेल्यास घाटाची शोभा पाहावयास मिळते. तळ्यापर्यंत उतरावयाचें तर सकाळीं लवकर निघावें. पायांत घट्ट जोडे, हातांत काठी व जवळ पिण्याचें पाणी असावें. पाण्याची पातळी वर्षावर्षास बदलते व ती वाढली असतां खालच्या वाटा बुडतात. म्हणून उतरण्यापूर्वीं वनखात्याच्या माणसांस विचारावें. दैत्यसूदनाच्या देवळास पुरता एक तास ठेवावा. आणि शक्य तर एकट्यानें जाऊं नये.

हरिहरेश्वराचा बेत रद्द झालेला नाहीं. परवां वकीलसाहेबांचें पत्र आलें. फोन असतां पोस्टमास्तरांच्या मानासाठीं त्यांनीं मुद्दाम कार्ड लिहिलें होतें. चौघांचीं तिकिटें काढण्याचें काम त्यांनीं आपणांकडे घेतलें आहे, आणि या खेपेस तारीख मिळणार नाहीं, असें खालीं बजावलें आहे.